समोरची एकच काच पुसा

विदर्भातल्या माणसाला शेवाळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मार्च लागला की अडगळीतून कूलर बाहेर निघतो, त्यात पाणी भरले जाते आणि आठ-पंधरा दिवसांत टाकीच्या आतल्या कडेला बोट लावून पाहावे तर बुळबुळीत हिरवा थर हाताला लागतो. रविवारी सकाळी टाकी घासून लख्ख करावी, पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. चंद्रपूरसारख्या गावात उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला तरी कुणाला त्याचे फारसे नवल वाटत नाही. तिथे कूलर हा घरातला माणूसच. त्यामुळे त्याचे शेवाळही आपण घरचेच मानले आहे. बैठकीच्या खोलीत ठेवलेल्या माशांच्या पेटीबाबत मात्र आपण इतके उदार नसतो. तिची काच जराशी हिरवट दिसू लागली की घरात कुरबूर सुरू होते. मासे नीट दिसत नाहीत, पाहुण्यांसमोर लाज जाते, आणि आणली तेव्हाच सांगितले होते, वगैरे वगैरे. मग कुणीतरी बाह्या सरसावतो, भांडी घासायची घासणी घेतो आणि पेटीत हात घालतो.

पेटी गोड्या पाण्याची असो की खाऱ्या, शेवाळ धरण्याचे मूळ कारण एकच. पण खाऱ्या पाण्याच्या पेटीत हे भांडण फार लवकर हातघाईवर येते. तिथे पैसा जास्त अडकलेला असतो, जीव नाजूक असतात आणि समुद्रही आपणच तयार केलेला असतो. पूर्वी असली पेटी ठेवायची तर समुद्रकाठी राहावे लागे. आता समुद्री मीठ पाकिटातून मिळते, मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून पार्सलने येतात आणि किनाऱ्यापासून शेकडो मैलांवरच्या दिवाणखान्यातही नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश पोहू शकतो. त्याच्याबरोबर त्याचे शेवाळही येते. त्यासाठी वेगळी ऑर्डर द्यावी लागत नाही.

वाघाच्या जिल्ह्यात समुद्राच्या पाण्याची चर्चा कशाला, असे कुणी विचारील. त्याला उत्तर राजुरा-कोरपना भागातल्या सिमेंट कारखान्यांकडे आहे. हे कारखाने जो चुनखडक फोडतात, त्याला भूशास्त्राच्या पुस्तकांत आपल्याच जुन्या गावाचे नाव आहे, चांदा चुनखडक. पैनगंगा गटातला हा खडक समुद्राच्या तळाशी थरावर थर साचत तयार झाला. त्याचे वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास भरते. तेव्हा मासा नव्हता, झाड नव्हते, गवताची काडी नव्हती. जिवंत असे जे काही होते ते पाण्यातल्या सूक्ष्म जिवांपुरते, आणि त्यांतले बरेचसे आपण आज ज्याला शेवाळ म्हणून नाक मुरडतो त्याच कुळीतले. म्हणजे पेटीच्या काचेवर पहिल्या आठवड्यात जो येऊन बसतो, तो या मुलखाचा फार जुना रहिवासी आहे. उपरे असलेच तर मासे आणि आपण.

हे शेवाळ एकाच जातीचे नसते आणि तिथेच बहुतेकांची पहिली गफलत होते. नवी पेटी मांडली की दोन-तीन आठवड्यांत काचेवर आणि वाळूवर तपकिरी, पिठासारखा थर येतो. तो डायटम नावाच्या एकपेशीय जिवांचा. त्यांचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच नात्यातले. नव्या वाळूतून आणि नळाच्या पाण्यातून सिलिका मिळत राहते तोवर ते राहतात, ती संपली की बहुधा आपसूक ओसरतात. त्यांच्या मागोमाग येतो तो हिरवा पातळ पडदा. हाच खरा काचेवरचा नेहमीचा पाहुणा, आणि या लेखाचा विषय मुख्यतः तोच. पेटी जुनी झाली, पाणी चांगले राहिले की काचेवर जांभळट-गुलाबी, टणक ठिपके दिसू लागतात. हेही एक प्रकारचे शेवाळच, पण ते अंगात चुना साठवते. ते दिसले तर घासणी खाली ठेवून चहा घ्यावा, कारण पाण्याची प्रकृती बरी असल्याची ती खूण आहे. आणि चौथा प्रकार म्हणजे लालसर-जांभळा, बोटाला चिकटणारा, चादरीसारखा उचलून येणारा लगदा. त्याला लोक शेवाळ म्हणतात, पण ते जीवाणू आहेत, नीलहरित कुळातले. पेटीवाल्याला घाम फोडणारी हीच जमात भाताच्या बांधीत मात्र शेतकऱ्याची सोबतीण आहे. भाताच्या साचल्या पाण्यात हे जीव हवेतला नत्र धरून जमिनीला देतात, हे पी. के. डे या भारतीय संशोधकाने १९३९ साली दाखवून दिले होते. गडचिरोलीच्या धानपट्ट्यात जे पीक वाढवते, तेच चंद्रपूरच्या दिवाणखान्यात काच बिघडवते. दोष जागेचा म्हणायचा, दुसरे काय!

आता प्रश्न असा की काचेवरचे हे हिरवे जगते कशावर? त्याला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि खत. उजेड सगळ्यांना दिसतो, खत कुणालाच दिसत नाही. पेटीत खत टाकले कुणी? आपणच, रोज सकाळ-संध्याकाळ, चिमटीचिमटीने.

थोडा हिशेब करून पाहू. माशांच्या चुऱ्यासारख्या खाद्यात ४०-४५ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात सुमारे ७० मिलिग्रॅम नत्र आला. मासा ते खातो, त्यातला थोडा भाग त्याच्या अंगी लागतो, उरलेला बव्हंशी अमोनियाच्या रूपाने पाण्यात जातो. न खाल्लेला चुरा कुजून तिथेच जातो. वाळूतले जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया माशाला मारतो, नायट्रेट सहसा मारत नाही, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण तो नायट्रेट जातो कुठे? कुठेच जात नाही, पेटीतच साठतो. सगळा नत्र नायट्रेट झाला असे धरले तर शंभर लिटरच्या पेटीत एका ग्रॅम खाद्यामागे दर लिटरला तीन मिलिग्रॅमची भर पडते. रोज एक ग्रॅम टाकले आणि पाणी बदलले नाही, तर महिन्याअखेर हा आकडा नव्वदच्या पुढे जाऊ शकतो. प्रवाळाच्या स्वच्छ समुद्रात तो एकालाही पोहोचत नाही. नत्राच्या जोडीला फॉस्फेट असतेच. एवढी पंगत मांडून ठेवल्यावर शेवाळाने यायचे नाही म्हणजे काय!

आणि इथेच घासणीची मर्यादा लक्षात येते. काच खरवडली की थर पाण्यात विरतो, थोडा गाळणीत अडकतो, तिथे कुजतो आणि त्याच्या अंगातले खत परत पाण्यात. आपण पुसले ते फक्त आपल्या डोळ्यांपुढून. खरवडलेला थर पेटीबाहेर काढला, गाळणीचा कापूस लगेच धुतला आणि थोडे पाणी बदलले, तरच त्या खटाटोपाला काही अर्थ राहतो.

ही गोष्ट आजची नाही. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९-५० च्या सुमारास त्यांनी एका काचपात्रात दोन सोनमासे आणि पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील आणि दोघांचे आपापसात भागेल, अशी त्यांची अटकळ. काही दिवस भागलेही. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला आणि मासे कासावीस झाले. वॉरिंग्टनने काच पुसण्याऐवजी निसर्गाच्या डबक्यात हे काम कोण करतो ते पाहिले. तिथे गोगलगायी होत्या. त्यांनी पाच-सहा गोगलगायी पात्रात सोडल्या, त्यांनी कुजकी पाने आणि हिरवा थर खाल्ला, पाणी निवळले. पुढे समुद्राच्या पाण्यावरही त्यांनी असेच प्रयोग केले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यघर उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘अक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला आणि इंग्लंडात काचेच्या पेट्यांचे वेड पसरले. ते वेड काही वर्षांत विरले. हौशी लोकांनी पेट्या आणल्या, गोगलगायींचा धडा मात्र बहुतेकांनी आणला नाही. आपल्याकडे काही घरांत वास्तुशास्त्राचे आणि फेंगशुईचे पुस्तक वाचून ईशान्य कोपऱ्यात पेटी आली, तिचेही तेच झाले. लक्ष्मी आली की नाही ठाऊक नाही, शेवाळ नक्की आले.

चंद्रपूर-गडचिरोलीत खाऱ्या पाण्याची पेटी ठेवणाऱ्याला इथल्या हवामानाचा वेगळाच जाच आहे. प्रवाळातल्या माशांना २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. मे महिन्यात आपल्या नळाचे पाणीच हात पोळवते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, मासे धापा टाकतात, शेवाळ मात्र खुशीत असते. थंड करणारे यंत्र महाग पडते. पण इथे एक साधी युक्ती चालते आणि ती मुंबईकरांच्या दमट हवेत तितकीशी चालत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा वाहता ठेवायचा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. तत्त्व आपल्या कूलरचेच. फक्त एक पथ्य आहे. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. कूलरच्या जाळीवर उन्हाळाअखेर जो पांढरा थर जमतो, तो हेच सांगतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरच्या पेटीतले दहा लिटर उडाले की तेवढेच क्षार नव्वद लिटरमध्ये उरतात आणि पाणी भलतेच खारट होते. म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्याने भरायची, खाऱ्याने नाही.

शुद्ध पाणी म्हणजे कोणते? आपल्याकडे बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड. चुनखडकाच्या मुलखात दुसरे काय अपेक्षावे? शेताजवळच्या विहिरींत नायट्रेटही उतरते. असे पाणी पेटीत ओतणे म्हणजे शेवाळासाठी आधीच शिधा भरून ठेवणे. आता घरोघरी आरओचे यंत्र आहे, पण त्यातही एक मेख आहे. पाण्याला चव राहावी म्हणून अनेक यंत्रे गाळलेल्या पाण्यात थोडे मूळ पाणी मिसळतात. पिण्याला ते ठीक, पेटीला नाही. ती मिसळणी बंद करून घ्यावी. आणि मीठ समुद्री क्षारांच्या मिश्रणाचेच हवे. स्वयंपाकघरातल्या मिठाने समुद्र होत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट यांचा समुद्रातला मेळ कुठून येणार?

उजेडाचे काय? पेटी खिडकीपाशी ठेवू नये, एवढे सांगितले की पुरे. विदर्भाचे ऊन काचेवर पडले तर कुठलाही उपाय चालायचा नाही. आतला दिवा आठ-नऊ तास खूप झाला. घरात पाहुणे आहेत म्हणून तो रात्री अकरापर्यंत जाळत ठेवायचे कारण नाही. मासेही झोपतात.

आता घासण्याकडे येऊ, कारण घासू नका असे सांगितले तर हा लेख कुणीच मानणार नाही. पेटीला चार बाजू असतात आणि आपण पाहतो एका बाजूने. म्हणून समोरची एकच काच पुसावी. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा हिरव्या होऊ द्याव्यात. ते शेवाळ पाण्यातले खत शोषून घेते, माशांना आणि गोगलगायींना चरायला कुरण होते, आणि समोरच्या काचेवर येणाऱ्या थराच्या वाट्याला कमी उरते. पाहुण्यांना मागची हिरवी काच समुद्रातल्या खडकासारखी दिसते. निदान तसे सांगावे. पुसण्यासाठी आत-बाहेर चिकटणारी चुंबकाची पट्टी सोयीची, पण वाळूपासून चार बोटे वर ठेवावी. वाळूचा एक कण तिच्यात अडकला की काचेवर कायमचा ओरखडा. टणक ठिपक्यांना पाते चालते, पण पेटी काचेची असेल तरच. अॅक्रिलिकची असेल तर पाते लावूच नये, जुने प्लास्टिकचे कार्ड वापरावे.

अॅक्रिलिकवरून मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाची आठवण होते. चंद्रपूरच्या शाळांतून मुंबईला सहली जात, त्यांतल्या कितीतरी मुलांनी समुद्रातला मासा पहिल्यांदा तिथे पाहिला असेल. एका पारशी दानशूराच्या देणगीतून उभे राहिलेले हे मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. २०१५ साली नूतनीकरणानंतर त्यात अॅक्रिलिकचा पारदर्शक बोगदा आला, पुढे कोरोनाच्या काळात ते बंद झाले. त्याची एक सोय आपल्या नशिबी नाही. मरीन ड्राइव्हवर समुद्र दाराशी होता. आपल्याला पंधरा दिवसांनी दहा-पंधरा लिटर पाणी बदलायचे तर अर्धा किलो मीठ मोजून विरघळवावे लागते. म्हणून आळस होतो, आणि आळस झाला की घासणी हाती येते.

दुकानात गेले की दुकानदार दोन गोष्टी पुढे करतो, गोगलगायी आणि बाटली. गोगलगायींना माझी हरकत नाही. वॉरिंग्टनचा वारसाच आहे तो. समुद्री गोगलगायी काचेवरून जिभेने अक्षरशः रांधा मारत जातात. पण त्या किती घ्याव्यात आणि कुठून आलेल्या आहेत, हे विचारून घ्यावे. शेवाळ संपले की उपाशी मरतात आणि मेलेली गोगलगाय म्हणजे पुन्हा खतच. दुसरे असे की वाघाला जो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा राखतो, त्याच कायद्याच्या परिशिष्टांत २००१ साली प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही मोठ्या शंख-शिंपल्यांच्या जातीही आल्या. ताडोबाच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला पंजा-नखाचा व्यवहार गुन्हा आहे हे सांगावे लागत नाही. पेटीत शोभेला ठेवलेला प्रवाळाचा तुकडाही त्याच कायद्याखाली येऊ शकतो, हे मात्र पुष्कळांच्या गावी नसते.

बाटलीला मात्र माझी साफ हरकत आहे. शेवाळ मारणाऱ्या अनेक औषधांत तांबे असते. शेतकरी मोरचूद ओळखतात, नाते तेच. तांबे शेवाळाला मारते, तसेच गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळालाही मारते. आणि शेवाळ एकदम मेले तरी संकट. सगळे एकाच वेळी कुजते, पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि अंगातले खत पाण्यात सोडते. बाटलीने काच चार दिवस स्वच्छ दिसते, पाचव्या दिवशी शेवाळाचे नवे पीक येते आणि मासे मात्र राहिलेले नसतात. मुलाने नाव ठेवलेला मासा सकाळी तरंगताना दिसला की त्या घरातली पेटी महिनाभरात माळ्यावर जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

यापेक्षा शहाणा मार्ग वॉल्टर एडी यांचा. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत त्यांनी प्रवाळाच्या मोठ्या पेट्या चालवल्या आणि शेवाळाशी लढण्याऐवजी त्याला नोकरीला ठेवले. पेटीचे पाणी एका वेगळ्या, प्रखर उजेडाच्या तबकातून फिरवायचे, तिथे जाळीवर शेवाळ मुद्दाम वाढू द्यायचे आणि दर आठवड्याला ते कापून बाहेर टाकायचे. कापलेल्या शेवाळाबरोबर खत पाण्याबाहेर जाते. आजचे हौशी लोक हेच पेटीखालच्या छोट्या कप्प्यात करतात. शेवाळ येणारच असेल तर ते आपण सांगू तिथे यावे, एवढेच. मूठभर हिरवे तण दर रविवारी कापून बाहेर काढणे हे काच घासण्यापेक्षा सोपे आहे आणि उपयोगाचेही. पण घासल्याने काच चमकते आणि केल्यासारखे वाटते, तण कापल्याने तसे वाटत नाही.

हा केल्यासारखे वाटण्याचा सोस घराबाहेर पडला की काय होते, ते पाहायला चंद्रपूरकरांना लांब जावे लागत नाही. गोंडकालीन रामाळा तलाव शहराच्या पोटात आहे. त्यात वर्षानुवर्षे सांडपाणी येत राहिले आणि पाण्यावर इकॉर्नियाचे, म्हणजे जलपर्णीचे, हिरवे गालिचे पसरले. ते काढायचे, पुन्हा वाढायचे, पुन्हा काढायचे. मी आतापर्यंत पेटीबद्दल जे सांगितले, त्यात ‘खाद्य’ या शब्दाच्या जागी ‘सांडपाणी’ घाला आणि ‘काच’ या शब्दाच्या जागी ‘तलावाचा पृष्ठभाग’, दुसरे काही बदलावे लागत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत इको-प्रोचे बंडू धोतरे यांनी या तलावासाठी उपोषण केले, त्यानंतर गाळ उपसण्याच्या कामाला गती आली. गाळ काढणे हे नुसती जलपर्णी ओढण्यापेक्षा केव्हाही चांगले, कारण तळाच्या गाळात जुने खत साठलेले असते. पण नाल्याचे पाणी शुद्ध न होता येतच राहिले तर गाळही पुन्हा साठेल.

तलाव आणि पेटी यांत एक फरक मात्र आहे, आणि तो पोटाचा आहे. पेटीतला मासा मेला तर मूल रडते. तलावातला मेला तर ढिवराच्या घरची चूल थंड होते. फार खत झालेल्या तलावात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेच तो ओढते. पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशाच एखाद्या ढगाळ, वारा पडलेल्या पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेताना दिसतात आणि उजाडेपर्यंत काठाला लागलेले असतात. लोकांना वाटते कुणी विष टाकले.

पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळ्यांनी आणि इतरांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले, १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झालेले. म्हणून तर त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. मामा सरकारचा झाला आणि पोरका झाला. पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, काठावरचे बेशरम कोणी उपटायचे, याला धनी उरला नाही. शेतातला युरिया पावसाबरोबर उतरत राहिला.

शेजारच्या भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि त्यांच्या निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर जे काम केले, ते इथल्या प्रत्येक तालुक्याने जाऊन पाहण्यासारखे आहे. त्यांनी तलावातले बेशरम उपटले, तळ नांगरला आणि मग तिथे जुन्या, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या माशाला आसरा देते, कुठली पाखराला, हे ढिवर बायाबापड्यांना ठाऊक होते. त्यांना कुणी विचारले नव्हते एवढेच. मुळे धरणाऱ्या वनस्पती आल्या, त्यांनी खत ओढून घेतले, देशी मासे परतले, पाखरे परतली. एडी यांच्या तबकातली युक्ती आणि ही, यांत मला तरी काही फरक दिसत नाही. फक्त इथे तबक काही एकरांचे आहे आणि ते चालवणाऱ्यांना स्मिथसोनियनचे नाव ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या तलावांसाठी निधीची मागणी होते तेव्हा ती खोलीकरणासाठी होते, सुशोभीकरणासाठी होते, काठावर दिवे आणि कारंज्यांसाठी होते. कारंजे ही समोरची काच आहे. ती पुसावी, माझी ना नाही, पण आधी पाण्यात काय पडते ते मोजावे. पेटीवाला हौशी माणूस साध्या तपासणी संचाने घरी बसून नायट्रेट आणि फॉस्फेट मोजतो. काचेच्या नळीत पाणी, त्यात चार थेंब, मग रंग कार्डाशी ताडून पाहायचा. दहावीतल्या मुलीला जमेल असे काम आहे. रामाळ्याच्या काठाला महापालिकेने एक काळा फळा लावावा. नाल्याच्या तोंडाशी आणि तलावाच्या मध्यभागी, अशा दोन ठिकाणच्या पाण्याचे आकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यावर लिहावेत. जवळपासच्या शाळांतली मुले पाणी आणतील, मोजतील, लिहितील. खर्च खडूचा आणि थेंबांच्या बाटलीचा. कारंज्याची निविदा काढण्यापूर्वी असे बारा आकडे फळ्यावर चढू द्यावेत आणि मग ठरवावे.